जुन्या एसयूव्हीचा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला म्हणतात: भंगारातला, रिमॅन्युफॅक्चर्ड, की आहे तोच दुरुस्त?

धूळवाट
नमस्कार मंडळी.

गाडी २००१ ची, पेट्रोल, सहा सिलिंडर, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की धागा 'ही कंपनी भारी की ती' वर जातो आणि प्रश्न राहतो बाजूला.

लक्षण असं: थंड इंजिन एका सेल्फला सुरू होतं. तास-दीड तास चालली, त्यातून चढ किंवा रेंगाळती रहदारी लागली, की अचानक बंद. आधी झटके नाहीत, मिस मारणं नाही, सरळ किल्ली फिरवल्यासारखी बंद. मग सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण पेटत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं.

गॅरेजमध्ये क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) बदलून झाला, फ्युएल पंप बदलून झाला, कॉइल पॅक बदलून झाला. आता म्हणतात ईसीएमच गेलाय. कंपनीकडे नवा मिळत नाही, त्याचं उत्पादन कधीच बंद झालंय. उरलेले पर्याय तीन: भंगारातल्या तशाच गाडीचा काढून बसवायचा, 'रिमॅन्युफॅक्चर्ड' (जुनाच, पण नव्यासारखा केलेला) म्हणून विकतात तो घ्यायचा, किंवा आहे तोच दुरुस्तीला द्यायचा. चौथा पर्याय घरच्यांनी सुचवलाय: गाडी विका. तो कृपया इथे चर्चेला घेऊ नये.

ईसीएम खरंच गेलाय हे ठरवायचं कसं? आणि गेला असेल तर तीनातला कुठला मार्ग धरावा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाचच
विका. (हलके घ्या.)

निवांत
वाचतोय. माझ्याकडेही त्याच वयाचं धूड आहे.

वायरमन
धूळवाट, गॅरेजवाल्यांनी स्कॅनर लावून ईसीएमवर बोट ठेवलं की मोजून ठेवलं? फरक मोठा आहे. तीन पार्ट बदलून गाडी तशीच, म्हणून आता चौथा पार्ट दोषी, हे काही निदान नव्हे. पेशंटला चक्कर आली म्हणून मेंदू बदला म्हणण्यासारखं झालं.

माझ्या हाताखालून 'ईसीएम गेला' म्हणून आलेल्या गाड्यांत बहुतेकींचा ईसीएम ठणठणीत होता. त्याला मिळणारा करंट, त्याची अर्थ (निगेटिव्हची जोडणी), नाहीतर त्याच्या पुढे लटकलेला एखादा सेन्सर, यातलंच काहीतरी निघतं. तेव्हा पुढच्या वेळी गाडी बंद पडेल तेव्हा बॉनेट उघडून थंड करत बसू नका. गरम असतानाच बघायचंय. थंड झाली की पुरावा गेला.

पहिली गोष्ट मीटरशिवाय होते. बंद पडल्या पडल्या किल्ली 'ऑन' करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा दिवा लागतो का? निरोगी गाडीत तो लागलाच पाहिजे. आणि मागून फ्युएल पंपाची दोनेक सेकंदांची गुणगुण येते का? दिवा लागला, गुणगुण आली, पण सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरच पडून राहिला, तर संशय क्रँक सेन्सरकडे किंवा त्याच्या वायरिंगकडे. सेन्सर नवा आहे म्हणून सुटका नाही, वायर जुनीच आहे. दिवाच लागला नाही, तर ईसीएम जागाच होत नाहीये. मग तो स्वतः मेलाय की त्याला करंट नाही, हा पुढचा प्रश्न.

त्याचं उत्तर देतो, आधी हे करा.

धूरकट
वायरमनकाकांना दंडवत. पण एक शंका: दिवा उडालेला असेल तर?

वायरमन
थंड असताना लागतो का ते बघून ठेवा की राव.

चक्रमादित्य
इतकं कशाला ताणायचं? भंगारातून त्याच मॉडेलचा ईसीएम आणा, चार बोल्ट, दोन कपलर, विषय संपला. चालली तर ईसीएम होता, नाही चालली तर परत द्या. माझ्या मित्राने ९४ च्या गाडीत अगदी असंच केलं. तेव्हापासून पळतेय.

किल्लीवाला
@चक्रमादित्य, ९४ च्या गाडीत चाललं कारण तिला इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी चोरीरोधक यंत्रणा) नसणार. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला आणि मग इतरत्रही बराच पसरला. २००१ च्या गाडीत असण्याची शक्यता बरीच. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत छोटी चिप असते, इग्निशनच्या भोवती तिची कॉइल. चिपचा नंबर जुळला तरच ईसीएम पेट्रोल सोडतो. दुसऱ्याचा ईसीएम लावला की इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद, किंवा सुरूच नाही, आणि डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत राहतो. मग गॅरेजवाला म्हणणार 'हा पण खराब निघाला, दुसरा आणू'. तो खराब नसतोच, तुम्हाला ओळखत नसतो.

भंगारातलाच घ्यायचा तर संच घ्या: ईसीएम, इमोबिलायझरचा डबा, आणि त्याच गाडीची किल्ली. किल्लीतली चिप काढून आपल्या मुठीत बसवता येते. किल्ली नाही म्हणाले तर समजा अर्धाच माल मिळतोय.

दुसरा रस्ता म्हणजे क्लोन. ईसीएममध्ये आठ पायांची एक छोटी मेमरी चिप असते, ९३सी५६ किंवा २४सी०२ अशा जातीची. इमोबिलायझरचा कोड बहुधा तिच्यात असतो. तुमच्या जुन्या ईसीएममधला मजकूर वाचायचा, आणलेल्यात लिहायचा. मुख्य प्रोग्रॅमची फ्लॅश मेमरी वेगळी, तीही तशीच उतरवायची. हे करणारा माणूस हाताला हवा, आणि जुन्या ईसीएमची मेमरी वाचण्याइतकी शाबूत हवी.

चक्रमादित्य
ठीक आहे, किल्ली आणा मग. तरी पार्टापार्टीने बदलत बसण्यापेक्षा सोपंच.

जुनं_डिझेल
म्हणून सांगतो, ही कॉम्प्युटरची भानगड नकोच. आमच्या गाडीला मेकॅनिकल पंप. करंट लागतो तो पंपावरच्या सोलेनॉइडला. डिझेल आणि हवा, बास. बॅटरी काढून घेतली तरी अल्टरनेटरवर चालत राहते.

उगाचच
आणि धूर बघून मागचा माणूस हवामानाचा अंदाज बांधतो.

जुनं_डिझेल
हसा. तुम्ही बॉनेट उघडून अर्धा तास उभे असाल तेव्हा मीच येऊन दोर बांधीन.

अर्धवाहक
अवांतर थोडं, पण कामाचं. मी वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते, सर्किट डिझाइनकडे.

लोकांना वाटतं ईसीएममधला 'कॉम्प्युटर' जातो. मायक्रोकंट्रोलर आपणहून क्वचितच मरतो. मरतं ते त्याच्या आजूबाजूचं: पॉवर सप्लाय, कॅपॅसिटर, इंजेक्टर आणि कॉइल चालवणारे ट्रान्झिस्टर, आणि कपलरच्या पिनांचं सोल्डर. गाडी तापते, निवते, पुन्हा तापते. तांबं, सोल्डर, फायबरचा बोर्ड, प्रत्येकाचं प्रसरण वेगळं. वीस वर्षं हे ओढाताणीचं चक्र चाललं की जड पार्टाच्या पायाभोवती सोल्डरमध्ये केसासारखी गोल चीर पडते. थंड असताना टेकलेली असते, बोर्ड तापला की सुटते. धूळवाट यांचं लक्षण या गोष्टीशी जुळतं. पण क्रँक सेन्सरशीही जुळतं, म्हणून वायरमन म्हणतात त्या क्रमाने जाणंच योग्य.

इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर ही दुसरी म्हातारी जात. तापमान दहा अंशांनी कमी असेल तर त्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, म्हणजे उलट बाजूने किती भराभर घटतं बघा. इंजिनाशेजारी बसवलेला ईसीएम आणि पायांपाशी डॅशबोर्डखाली बसवलेला ईसीएम, दोघांचं म्हातारपण सारखं नसतं. कॅपॅसिटर गळला की त्यातलं रसायन तांब्याचे ट्रॅक खातं. काही जातींमध्ये डबा उघडल्यावर मासळीसारखा वास येतो.

आणि एक कळकळीची विनंती. इंजिन चालू असताना बॅटरीची कपलिंग काढून 'अल्टरनेटर चार्ज करतोय का' बघणारे महाभाग अजून आहेत. त्या क्षणी अल्टरनेटरचा सगळा करंट जायला जागा राहत नाही आणि व्होल्टेज उसळतं. याला लोड डंप म्हणतात. १२ व्होल्टच्या गाडीसाठी आयएसओ मानकात या उसळीची चाचणी पातळी, अल्टरनेटरमध्ये संरक्षण नसेल तर, ७९ ते १०१ व्होल्ट धरली आहे. ईसीएमच्या दारात संरक्षण असतं, पण तेही वीस वर्षं जुनं. जुन्या गाड्यांत चालायचं ते, या गाड्यांत नाही.

धूरकट
आमचे मेकॅनिक अजून हेच करतात! आणि वर अभिमानाने सांगतात की मीटर लागत नाही.

वायरमन
अर्धवाहकताईंना अनुमोदन. यात चेसिसवर वेल्डिंग करताना बॅटरी न सोडणारे आणि जंप स्टार्टला उलटी केबल लावणारेही घाला.

धूळवाट
सगळ्यांचे आभार. आज मुद्दाम गाडी तापवली. चढावर नेली, मग एसी लावून उभी ठेवली. बंद पडली. (आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडल्याचा आनंद झाला.)

किल्ली ऑन: चेक लाइट नाही. थंड असताना लागतो, हे आधी बघून ठेवलं होतं. पंपाची गुणगुण नाही. सेल्फ मारताना काटा शून्यावर. स्कॅनर चालू होतो, पण 'संपर्क होत नाही' म्हणतो.

म्हणजे ईसीएमच ना?

वायरमन
अजून नाही. स्कॅनर चालू झाला याला काही अर्थ नाही. त्याला ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतो त्या) १६ नंबरच्या पिनेतून थेट बॅटरीचा करंट मिळतो, ईसीएम मेला काय जगला काय. संपर्क तुटलाय हे मात्र कामाचं.

आता ईसीएमपाशी जा. गाडीची वायरिंगची आकृती मिळवा, त्याशिवाय पिनांत मीटर खुपसू नका. तीन गोष्टी बघायच्या, तिन्ही गाडी बंद पडलेल्या अवस्थेत.

एक, करंट. ईसीएमला दोन वाटा असतात: एक कायमची, बॅटरीतून, आणि दुसरी मेन रिलेमधून. इथे मीटर फसवतो. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवणार, कारण तो काही ओढतच नाही. म्हणून २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी लावा, आणि कपलर काढून त्या पिनेवर तो पेटवा. पावणेदोन अँपिअर ओढतो. लख्ख पेटला तर वाट चांगली, मिणमिणला तर चोर सापडला. मेन रिलेची वाट तपासताना लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांत तो रिले ईसीएमच ओढतो. कपलर काढल्यावर तो बसणारच नाही, मग रिले हाताने बसवावा लागतो. पिनेत जाड काही घुसवू नका, पिना सैल झाल्या तर नवाच आजार.

दोन, अर्थ. कपलर लावलेला ठेवून मागच्या बाजूने मीटरची सुई अर्थच्या पिनेला टेकवा, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. सेल्फ मारताना ०.१ व्होल्टच्या वर जायला नको. अर्थ एका ठिकाणी नसते, दोन-तीन असतात. सगळ्या बघा.

तीन, पाच व्होल्ट. ईसीएम सेन्सरांना स्वतःकडून ५ व्होल्ट पुरवतो: थ्रॉटल, प्रेशर, एसीचा प्रेशर सेन्सर वगैरे. यातला एकजण आतून शॉर्ट झाला की सगळे ५ व्होल्ट खाली बसतात, आणि काही गाड्यांत ईसीएमही त्याच्यासोबत आडवा होतो. थ्रॉटलच्या कपलरवर ५ व्होल्ट आहेत का बघा. नसतील तर एकेक सेन्सर काढत जा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो गुन्हेगार. एसीचा प्रेशर सेन्सर विसरू नका, तुम्ही एसी लावून उभे होतात म्हणून म्हणतो.

निवांत
हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

मोकळा_गिअर
यावर एक पाहिलेलं सांगतो. एका गाडीत अगदी हाच घोळ. गॅरेजने ईसीएम बदलला, इमोबिलायझर जुळवला, आणि गाडी तशीच. शेवटी निघाला मेन रिले. वरून चकचकीत. टोपण काढून भिंगाखाली धरला तर पायाभोवती चीर, अर्धवाहक म्हणतात अगदी तशीच. ईसीएमच्या आधी शेजारचा तसाच रिले अदलाबदल करून बघणं फुकटात होतं.

सोल्डरवाला
बोर्ड दुरुस्तीचं काम करतो, म्हणून 'रिमॅन्युफॅक्चर्ड'बद्दल.

या नावाखाली दोन टोकांची कामं चालतात. एक टोक: सगळे कॅपॅसिटर बदललेले, चिरा भरलेल्या, खोटे सेन्सर-इंजेक्टर जोडून तापवून तासन्तास चालवून बघितलेला. दुसरं टोक: डबा धुतलेला, स्टिकर नवं. विचारायचा प्रश्न एकच: तापवून, लोडवर किती वेळ चालवून बघता? उत्तर आडवळणाने आलं तर सोडून द्या.

आणि बहुतेक ठिकाणी तुमचा जुना ईसीएम बदल्यात मागतात. नवा बसून, गाडी तापून, सगळं नीट चालल्याशिवाय जुना हातचा सोडू नका. इमोबिलायझरचा मजकूर त्यातच आहे. तो गेला की पुढचा दुरुस्तीवाला हात वर करणार.

नंबर जुळवताना नुसतं मॉडेल आणि साल बघू नका. डब्यावर हार्डवेअर नंबर असतो आणि सॉफ्टवेअरचा वेगळा. एकाच साली एकाच गाडीत मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचे ईसीएम वेगळे असतात, धुराच्या नियमांप्रमाणेही वेगळे. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी विचारून घ्या.

रोखठोक
दुरुस्ती म्हणजे तात्पुरती मलमपट्टी. एक चीर भरली, दुसरी दोन महिन्यांनी उघडणार. वीस वर्षांचा बोर्ड तो वीस वर्षांचाच राहतो.

सोल्डरवाला
आणि भंगारातला काय कालचा आहे? तोही त्याच सालचा, त्याच उन्हात तापलेला. शिवाय त्याची गाडी भंगारात का गेली हे तुम्हाला ठाऊक नाही. पाण्यात बुडालेली असेल तर?

रोखठोक
मुद्दा घेतला. तरी माझं मत तेच.

खटपट्या
कुणीच कसं म्हटलं नाही! ईसीएम फेका आणि स्वतःचा बनवा. मेगास्क्वर्ट आहे, स्पीडुइनो आहे. स्पीडुइनो तर अर्डुइनो मेगा या हौशी लोकांच्या बोर्डावर चालतो. पेट्रोल आणि स्पार्कचे नकाशे स्वतः बनवायचे, लॅपटॉपवर लाइव्ह बघायचं. पुन्हा कुणाच्या दारात जायला नको.

अर्धवाहक
कल्पना छान, हात शिवशिवतातच. पण धूळवाट यांची गाडी ऑटोमॅटिक आहे. गिअरबॉक्सला इंजिनाचा टॉर्क, थ्रॉटल, तापमान हे सगळं ईसीएमकडून हवं असतं, आणि गिअर बदलताना क्षणभर टॉर्क कमी करण्याची विनंती उलट दिशेने येते. ते सांभाळणं हा वेगळा प्रकल्प. एसी, पंखे, डॅशबोर्डचे काटे आहेतच. शिवाय धुराच्या तपासणीला हा ईसीएम चालेल का, ते आपापल्या ठिकाणच्या नियमांत बघावं लागेल. शनिवार-रविवारच्या गाडीला ठीक, रोजच्या गाडीला नको.

खटपट्या
सगळी मजा घालवलीत ताई.

खटपट्या
दोनदा आल्याने प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

जुनं_डिझेल
कॉम्प्युटर आहे, दोनदाच येणार.

धूळवाट
निकाल घेऊन आलोय.

मेन रिले शेजारच्याशी बदलला, फरक नाही. वायरिंगची आकृती मिळाली. गाडी तापवून बंद पाडली. बल्ब दोन्ही वाटांवर लख्ख पेटला. अर्थ तीन ठिकाणी, तिन्हींवर सेल्फ मारताना ०.०३ ते ०.०५. थ्रॉटलवर ५ व्होल्ट अजिबात नाहीत. सगळे सेन्सर एकेक करून काढले, एसीचा प्रेशरही काढला. ५ व्होल्ट काही परत आले नाहीत.

मग थंड इंजिनावर, गाडी चालू ठेवून, केस वाळवायचं यंत्र फक्त ईसीएमच्या डब्यावर धरलं. आमच्याकडे डबा डाव्या पायाच्या बाजूला, गालिच्याच्या मागे आहे. साताठ मिनिटांत गाडी बंद! इंजिन अजून कोमट. पुन्हा निवू दिली, सुरू केली आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने डब्यावर हलकं टकटक केलं. एका विशिष्ट कोपऱ्यावर ठोकलं की काटा थरथरतो, इंजिन अडखळतं. बाकी कुठेही ठोका, काही नाही.

वायरमन
आता म्हणा ईसीएम. छान काम केलंत.

अर्धवाहक
करंट आहे, अर्थ आहे, बाहेर शॉर्ट नाही, तरी ५ व्होल्ट नाहीत, आणि ठोकल्यावर प्रतिक्रिया. दोष सप्लायच्या भागात, सोल्डरचा. तो कोपरा बहुतेक ५ व्होल्ट बनवणाऱ्या रेग्युलेटरचा असणार, डब्याला चिकटवून थंड ठेवलेला असतो तो.

चक्रमादित्य
म्हणजे गॅरेजवाले बरोबरच होते की! मी म्हणत होतो, भंगारातला आणा.

वायरमन
निष्कर्ष बरोबर, तोही पंप, कॉइल आणि सेन्सर धूळवाटांच्या पैशाने बदलून झाल्यावर.

किल्लीवाला
धूळवाट, दुरुस्तीला दिलात तर आणखी एक काम सांगून ठेवा. बोर्ड उघडलाच आहे तर मेमरीची चिप आणि फ्लॅश दोन्ही वाचून फाइल तुमच्याकडे मागून घ्या. उद्या हा खरंच मेला तरी भंगारातला आणून त्यात तुमची ओळख लिहिता येईल. आज मेमरी वाचता येतेय, उद्याचं कुणी सांगावं.

निवांत
ईसीएम काढताना काही काळजी? मलाही लागेल हे.

सोल्डरवाला
किल्ली बंद केल्यावर काही मिनिटं थांबा, ईसीएम लगेच झोपत नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. रेडिओला कोड असेल तर आधी शोधून ठेवा, नाहीतर गाडी सुरू आणि गाणी बंद. डबा हातात घेण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. कपलर ओढताना वायरी धरू नका, खटका शोधा. कपलर निघाला की पिनांकडे निरखून बघा: हिरवट पावडर म्हणजे पाणी, आणि तेलकट चकाकी असेल तर इंजिनाच्या एखाद्या सेन्सरमधून तेल वायरीच्या आतून चढत इथवर आलंय. हो, चढतं, तारांमधल्या फटींतून. ते दिसलं तर आधी तो सेन्सर बदला.

आणि दुरुस्त करून बसवण्याआधी सगळ्या कॉइल, इंजेक्टर आणि आयडलचा (उभ्या गाडीत इंजिन संथ चालू ठेवणारा) व्हॉल्व्ह यांचे ओहम मोजून पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून घ्या. यातलं एखादं शॉर्ट असेल तर त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर नव्या बोर्डातही पहिल्याच दिवशी जाईल. लोक एकामागून एक ईसीएम जाळतात ते यामुळे.

धूळवाट
ईसीएम दुरुस्तीला दिला होता, आला परत. दुरुस्तीवाल्याने फोटो दिले. भिंगाखालचा फोटो बघून मी गप्प झालो: रेग्युलेटरच्या दोन पायांभोवती काळी गोल रेघ, अंगठीसारखी. एक पाय सुईने हलवला तर हलतोय. शेजारचे दोन कॅपॅसिटर तळाशी ओले होते, तेही बदलले, १०५ अंशांचे टाकले. कपलरच्या पिनांचं सोल्डर सगळं उकलून नवं भरलं. शिसं असलेल्या जुन्या सोल्डरवर तसंच वापरलं, म्हणाला मिसळ नको. वरून पुन्हा लेप. तापवून, खोट्या लोडवर रात्रभर चालवला. फाइल दोन्ही मिळाल्या.

बसवण्याआधी ओहम मोजले. इंजेक्टर सगळे १४ च्या आसपास, कॉइल ठीक, आयडल व्हॉल्व्ह ठीक. बसवला. पहिल्या सेल्फला सुरू. त्याच चढावर नेली, एसी लावून उभी केली, केस वाळवायचं यंत्रही धरलं. बंद पडली नाही.

फक्त गिअर आता बदलताना धक्का देतो, विशेषतः पहिल्यातून दुसऱ्यात. आधी देत नव्हता. आणि सिग्नलला आरपीएम थोडा वर-खाली होतो. दुरुस्तीत काही राहिलं का?

रोखठोक
अभिनंदन. वर्षाने याच धाग्यावर भेटू.

सोल्डरवाला
रोखठोक, तारीख लिहून ठेवतो.

अर्धवाहक
बहुधा काही राहिलेलं नाही. ईसीएमचा करंट इतका काळ तोडल्यावर शिकलेली मूल्यं पुसली गेली. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत गिअर किती दाबाने आणि कधी बदलायचा, थ्रॉटल मिटला म्हणजे नक्की किती, हे चालवता चालवता शिकलेलं असतं आणि बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत राहतं. आयडल शिकवण्याची पद्धत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, ती तंतोतंत करा. गिअरसाठी तेल गरम झाल्यावर हलक्या पायाने, थांबत-निघत चालवा, सगळे गिअर पडू द्या. धक्का कमी कमी होत गेला तर सोडून द्या. तसाच राहिला किंवा वाढला तर गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी बघा आणि गिअरबॉक्सचे कोड वाचा.

धुराच्या तपासणीला मात्र लगेच जाऊ नका. स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच करते त्या धुराच्या तपासण्या) 'अपूर्ण' दिसत असतील. हमरस्ता, गाव, थंड सुरुवात असं मिश्र चालवल्यावर ते एकेक करून पूर्ण होतात.

धूळवाट
धक्का आजच थोडा कमी वाटला. बघतो.

उगाचच
आता चांगली चालतेय तर किंमतही बरी येईल. विका.

धूळवाट
घरच्यांनी तुम्हाला गाठलं का?

निवांत
धागा भरकटवत नाही, पण माझी डिझेल आहे, कॉमन रेल, आणि तिचाही ईसीएम बदलायचा ठरलाय. वरचं सगळं तसंच लागू का? नवा धागा काढू?

वायरमन
करंट, अर्थ, ५ व्होल्ट, तसंच. पण एक गोष्ट वेगळी. इंजिन चालू असताना इंजेक्टरचे कपलर काढून 'कुठला सिलिंडर मरतोय' बघू नका. पेट्रोलवाल्यांची ही सवय इथे धोक्याची. ईसीएम आतून व्होल्टेज वाढवून इंजेक्टर उघडतो, काही गाड्यांत ६५ ते १०० व्होल्टपर्यंत.

किल्लीवाला
आणि ईसीएम काढायच्या आधी प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावरचा कोड सिलिंडरच्या क्रमाने फोटो काढून ठेवा. प्रत्येक इंजेक्टर थोडं कमी-जास्त डिझेल सोडतो, त्याची दुरुस्ती त्या कोडात असते आणि ती ईसीएममध्ये भरावी लागते. जुन्या ईसीएमशी संपर्क होत असेल तर त्यातले कोडही स्कॅनरने वाचून ताडून बघा. मधे कुणी इंजेक्टरची अदलाबदल केली असेल तर तिथे कळेल. गाडीचा साल आणि ईसीएमवरचा नंबर नव्या धाग्यात टाका, सरळ ओबीडीतून वाचता येईल की डबा उघडावा लागेल ते त्यावर ठरेल.